सिरॉसिसच्या रुग्णाची वही आणि फाईल

‘लिव्हर खराब झाले आहे, नागपूरला दाखवा’ असे तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितले की, आपल्याकडे बहुतेक घरी आधी गाडी आणि पैशांची जुळवाजुळव सुरू होते. माझ्या मोठ्या भावाला सिरॉसिस, म्हणजे यकृत हळूहळू घट्ट होऊन निकामी होण्याचा आजार, झाला तेव्हा आम्हीही तेच केले. ओपीडीत पिशवी उघडली तेव्हा तीन निरनिराळ्या महिन्यांचे तीन तुटक रिपोर्ट निघाले, त्यांवरून डॉक्टरांना काहीच ठरवता येईना, आणि पुन्हा तपासण्या करून जाईपर्यंत कापसाच्या वेचणीत सहा आठवडे गेले. म्हणून गाडी ठरवण्याआधी एक दोनशे पानी वही आणावी.

दारूमुळे आजार झाला असेल तर, मोहाची असो वा दुकानातली, ती सोडल्याची तारीख पहिल्या पानावर लिहावी, कारण प्रत्यारोपण (यकृत बदलण्याची शस्त्रक्रिया) केंद्रात हा प्रश्न हमखास विचारला जातो. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, वजन लिहावे. पोटात पाणी साचू लागले की डोळ्यांना दिसण्याआधी ते काट्यावर कळते. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. वजनाखाली रुग्णाची सही घ्यावी. यकृत रक्तातील अमोनिया काढू शकले नाही की त्याचा परिणाम मेंदूवर होतो, दिवसा झोप आणि रात्री जाग सुरू होते, आणि हस्ताक्षर बिघडते. भावाच्या सहीची शिरोरेघ आधी ओळीखाली घसरली, आणि तो घरच्यांना ओळखेनासा झाला तो त्यानंतर दोन दिवसांनी. हा अमोनिया शौचावाटे काढणारे लॅक्टुलोजचे औषध दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौच होईल इतके द्यायचे असते, म्हणून तोही आकडा वहीत हवा.

रक्ताच्या तपासण्यांत बिलिरुबिन (कावीळ), क्रिएटिनिन (मूत्रपिंड), आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) आणि सोडियम हे चारही एकाच दिवशीच्या नमुन्यातून करून घ्यावेत. त्यांवरून ‘मेल्ड’ हा आजाराची गंभीरता सांगणारा ६ ते ४० असा गुणांक काढतात; तो जितका जास्त, तितका धोका मोठा. सोडियम त्यात नंतर जोडले गेले. २००२ पासून अमेरिकेत या गुणांकावर यकृताचे वाटप होऊ लागले, आणि तिथल्याच २००५ च्या अभ्यासात १५ च्या खालच्या रुग्णांना प्रत्यारोपणाने फायदा होण्याऐवजी शस्त्रक्रियेचाच धोका अधिक दिसला. त्यामुळे १५ च्या आसपास पोहोचलेल्या रुग्णाला केंद्रात दाखवण्यास उशीर करू नये. अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांसाठी दुर्बिणीची तपासणी आणि दर सहा महिन्यांनी कर्करोगाच्या शोधासाठी सोनोग्राफी, यांचे कागद त्याच फाईलमध्ये लावावेत. काळी, डांबरासारखी शौच किंवा रक्ताची उलटी झाल्यास मात्र फाईल शोधत बसू नये.

जेवणात मीठ दिवसाला एक सपाट चहाचा चमचा, सुमारे पाच ग्रॅम, याहून जास्त नको. लोणचे, पापड आणि खारवलेल्या मिरच्या बंद. मात्र ‘लिव्हरला जड’ म्हणून वरण बंद करणे हा घराघरांतला गैरसमज आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील चाचणीत प्रथिने कमी केल्याने मेंदूवरील परिणाम लवकर ओसरला नाही, उलट शरीराची झीज वाढली. रात्री झोपण्यापूर्वी दूध-भात किंवा मूठभर फुटाणे द्यावेत, कारण हे यकृत रात्रीपुरताही ऊर्जेचा साठा नीट ठेवू शकत नाही. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन घेऊ नये.

कावीळ उतरवणाऱ्याकडे घरातले कोणी ना कोणी नेतेच. आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावलेले हात चुन्याच्या निवळीत धुतले की निरोगी माणसाच्या हातांनीही पाणी पिवळे होते. माळ गळ्यात घालायची तर घालावी, त्याने दिलेले मात्र काही पोटात जाऊ देऊ नये. कडुनिंबावरची गुळवेलसुद्धा नको. कोविडच्या काळात तिच्या काढ्याने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत.

प्रत्यारोपणाचे ठरल्यास दोन वाटा आहेत. मेंदूमृत दात्याच्या यकृतासाठी मान्यताप्राप्त रुग्णालयामार्फत नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव लागते; रुग्णालय टाळून परस्पर लागत नाही. जिवंत दात्याच्या बाबतीत १९९४ चा कायदा, त्यातील २०११ च्या दुरुस्तीसह, पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे, आजी-आजोबा आणि नातवंडे यांना जवळचे नातेवाईक मानतो; इतरांना परवानगीसाठी प्राधिकरण समितीपुढे जावे लागते. दात्याचे उरलेले यकृत काही महिन्यांत बरेचसे भरून येते, तरी धोका शून्य नसतो, म्हणून कोणाला भरीस घालू नये. दात्याच्या यकृतावर चरबी असली तर रक्तगट जुळूनही नकार मिळतो.

नात्याचा पुरावा कागदावरच पाहिला जातो. वहिनींचे नाव आधारकार्डावर सासरचे आणि रेशनकार्डावर माहेरचे होते, एवढ्यावरून आम्हाला तहसीलच्या चार खेपा पडल्या. शाळेचा दाखला, आधार, रेशनकार्ड आणि विवाहनोंदणी यांतील नावे पहिल्याच आठवड्यात एकमेकांशी ताडून पाहावीत, आणि चूक दिसली तर रुग्ण स्वतः चालत सेतू केंद्रात जाऊ शकतो तोवरच ती दुरुस्त करून घ्यावी.