तालमीत क्रीडाप्रशिक्षणाचे वर्ग आणि लोकांसाठीचे उपक्रम कसे आखावेत

कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालीम मंडळांचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरतात, तेव्हा तालीम ही संपूर्ण पेठेची संस्था असते याचा प्रत्यय येतो. महाराष्ट्रातील इतर गावांतही अनुदानातून किंवा वर्गणीतून उभ्या राहिलेल्या व्यायामशाळांत आज एकाच छताखाली तीन निरनिराळ्या प्रकारची माणसे येतात: कबड्डी, खो-खो, फुटबॉल खेळणारी शाळकरी मुले, पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण आणि गुडघे कुरकुरू लागलेले चाळिशीपुढचे रहिवासी. या सर्वांसाठी वर्ग चालवायचे आणि वर्षातून तीन-चार उपक्रमही घ्यायचे, असे ठरवणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आणि वस्तादांसाठी पुढील मार्गदर्शन आहे. ज्या उपक्रमातून वर्गात नवा माणूस येत नाही, त्याचा खर्च मांडव आणि हार-शालींवरच होतो. आणि ज्या वर्गाला उपक्रमाची जोड नाही, तो त्याच वीस ओळखीच्या मुलांपुरता राहतो. म्हणून दोहोंना जोडणारा सांधा आधी बसवावा. तो सांधा म्हणजे मोजणीचा दिवस.

मोजणीचा दिवस

या दिवशी पेठेतील कोणीही यावे, विनामूल्य चाचण्या द्याव्यात आणि स्वतःच्या नोंदीचा कागद घरी न्यावा, एवढेच करायचे असते. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. पन्नास मीटरची टेप, दोन स्टॉपवॉच, शिट्टी, फक्की, काही शंकू, वजनकाटा आणि जाड पुठ्ठ्याची नोंदवही पुरेशी आहे. चाचण्या निवडताना स्वतःची कल्पकता आवरती घ्यावी आणि देशात रुळलेल्या चाचण्याच घ्याव्यात, कारण त्यामुळे मुलांच्या शाळेतील नोंदींशी तुलना करता येते. केंद्र सरकारच्या फिट इंडिया अभियानातील शालेय चाचण्यांत चौथीपासून पुढच्या मुलांसाठी उंची-वजन, 50 मीटर धाव, 600 मीटर धाव किंवा चाल, बसून पुढे वाकणे, पोटाचे व्यायाम आणि जोर असा संच आहे. त्याहून लहान मुलांसाठी उंची-वजनाखेरीज एका पायावर तोल सांभाळणे आणि हाताने दोन तबकड्यांना आलटून पालटून स्पर्श करणे एवढेच ठेवले आहे. खेळाडूंसाठी यात जागेवरून लांब उडी आणि 20 मीटरची बीप टेस्ट (20 मीटर अंतरावरील दोन रेषांमध्ये बीपच्या तालावर ये-जा धावणे) यांची भर घालावी.

चाचण्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. अंग पुरेसे गरम केल्यानंतर प्रथम उड्या, नंतर छोटी धाव, त्यानंतर जोर आणि पोटाचे व्यायाम, आणि दमछाक करणारी लांब धाव किंवा बीप टेस्ट अगदी शेवटी घ्यावी; उलट क्रमाने घेतल्यास दमलेल्या पायांची उडी मोजली जाते आणि तो आकडा पुढे कशाच्याच उपयोगी पडत नाही. लांब उडी दोन्ही पायांनी एकदम मारावी, रेषेपासून मागे राहिलेल्या टाचेपर्यंत अंतर मोजावे आणि तीन प्रयत्नांतील सर्वोत्तम प्रयत्न नोंदवावा. धावेची वेळ हाताने घेताना एक-दोन दशांश सेकंदांची चूक सहज होते, म्हणून घड्याळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच माणसाकडे द्यावे आणि वर्ग संपल्यावर, दोन महिन्यांनी, दुसरी मोजणी होईल तेव्हाही तोच माणूस उभा राहील असे पाहावे. अंतिम रेषेपुढे थांबण्यासाठी किमान पंधरा मीटर मोकळी जागा हवी. गल्लीत धावा घ्यायच्या असतील तर हे आधी पावलांनी मोजावे, कारण भिंतीच्या भीतीने मुले शेवटचे दहा मीटर हात आखडून धावतात. बीप टेस्टमध्ये वेग ताशी साडेआठ किलोमीटरपासून सुरू होऊन साधारण दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरने वाढतो. तिचे ध्वनिमुद्रण फोनवर मिळते, मात्र लाउडस्पीकर सकाळी सहाच्या आत लावता येत नाही, हे ध्यानात ठेवूनच वेळापत्रक आखावे.

नोंदींविषयी एक पथ्य कटाक्षाने पाळावे. वजन आणि त्यावरून काढलेला निर्देशांक (बीएमआय) फलकावर कधीही लावू नये. चौदा वर्षांच्या मुलीचे वजन पेठेने वाचले की ती पुन्हा तालमीची पायरी चढत नाही. फलकावर लावायचेच असेल तर दुसऱ्या मोजणीनंतर ज्यांची उडी किंवा धाव सर्वांत जास्त सुधारली त्यांची नावे लावावीत. पहिल्या क्रमांकाचे कौतुक मैदानावर होतच असते.

त्याच दिवशी नोंदणीच्या टेबलावर प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत: व्यायाम करताना छातीत दुखते का, पळताना कधी शुद्ध हरपली आहे का, आणि घरात कोणाचा पन्नाशीच्या आत हृदयविकाराने अचानक मृत्यू झाला आहे का. एकाही प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले तर त्या व्यक्तीला दमछाकीच्या चाचण्या देऊ नयेत आणि आधी डॉक्टरांकडे पाठवावे. येथे भीड बाळगण्याचे कारण नाही.

वर्गांची विभागणी आणि आठ आठवड्यांचा आराखडा

मोजणीतून आलेली नावे हाताशी असताना लगेच वर्ग सुरू करावेत. पंधरा दिवस गेले की उत्साह मावळतो. विभागणी केवळ वयावर न करता व्यायामाचा पूर्वानुभव पाहून करावी. सतरा वर्षांचा पण कधीच व्यायाम न केलेला मुलगा आणि तीन वर्षे आखाड्यात घाम गाळलेला पंधरा वर्षांचा मुलगा यांना एकाच बारखाली उभे करणे चूक आहे. एका प्रशिक्षकाकडे दहा-बारा मुलांपेक्षा जास्त नसावीत, असे माझे मत आहे. त्यापुढे तो शिकवत नाही, फक्त शिट्टी वाजवतो.

खेळाडूंच्या वर्गासाठी आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, सव्वा तास पुरतो. पहिली पंधरा-वीस मिनिटे अंग गरम करण्यासाठी असतात आणि ती घाईत उरकू नयेत. फिफाच्या ‘इलेव्हन प्लस’ या सरावाचा नमुना येथे चांगला लागू पडतो: सुरुवातीला संथ धाव, मग ताकद, तोल आणि उड्यांचे व्यायाम, शेवटी वेगाची आणि दिशा बदलण्याची धाव. त्याला शंकूंखेरीज काही लागत नाही, वीस मिनिटांत तो पूर्ण होतो आणि फुटबॉलपटूंच्या दुखापती कमी करण्यात त्याचा उपयोग दिसून आला आहे. कबड्डी-खो-खोच्या मुलींसाठी तर उडीनंतर नीट उतरणे शिकवणे हा भाग वगळूच नये. मुलींच्या गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध मुलांच्या तुलनेत अधिक वेळा फाटतो, आणि उतरताना गुडघे आत झुकणे हे त्याचे एक कारण आहे. म्हणून आरशासमोर किंवा जोडीदारासमोर उतरून, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहतो की नाही, हे पाहण्याची सवय लावावी.

अंग गरम झाल्यावर उड्या आणि छोट्या धावा, त्यानंतर ताकदीचे व्यायाम आणि शेवटी खेळ, असा क्रम ठेवावा. जोर आणि बैठका आपल्या मातीतले व्यायाम आहेत आणि ते अवश्य ठेवावेत. मात्र शेकड्यांनी बैठका मारल्याने दमदारपणा वाढतो, जास्तीत जास्त ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. शिवाय दोन्ही व्यायामांत ओढण्याची आणि कमरेतून वाकून वजन उचलण्याची हालचाल जवळपास नसते. ही उणीव दोरखंड चढणे, पुलअप्स आणि हलक्या वजनापासून सुरू केलेली डेडलिफ्ट (जमिनीवरचे वजन उचलत सरळ उभे राहणे) यांनी भरून काढावी. वजन किती घ्यावे, याचा साधा निकष असा की संच संपताना आणखी दोन वेळा नीट उचलता येईल एवढी ताकद शिल्लक असावी. चौथ्या आठवड्यात वजन आणि आवर्तने दोन्ही उतरवावीत, म्हणजे पाचव्या आठवड्यात मुले ताजी येतात. वजन उचलल्याने मुलांची उंची खुंटते, ही पालकांची शंका ठरलेली असते. योग्य देखरेखीखाली आणि बेताच्या वजनाने केलेल्या व्यायामाने असे होत नाही, हे त्यांना पहिल्या सभेतच सांगून टाकावे. उंची झपाट्याने वाढत असताना गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागलेल्या मुलाच्या उड्या मात्र लगेच कमी कराव्यात.

खेळाची गरज पाहून दम वाढवावा, हा मुद्दा आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. कबड्डीतील एक चढाई तीस सेकंदांची असते आणि पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा. त्या खेळाडूला रोज पहाटे पाच किलोमीटर एकाच संथ लयीत पळवण्यापेक्षा पंधरा ते तीस सेकंदांच्या जोरकस धावा आणि मध्ये मोजून विश्रांती देणे अधिक उपयोगाचे ठरते. पोलीस भरतीच्या उमेदवारांचे गणित वेगळे आहे. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीचे 50 गुण असतात आणि त्यांतील 1600 मीटर (महिलांसाठी 800 मीटर) धावेला 20, तर 100 मीटर धाव आणि गोळाफेक यांना प्रत्येकी 15 गुण आहेत. तरीही बहुतेक मुले रोज सकाळी पूर्ण 1600 मीटर घड्याळ लावून पळतात आणि महिनाभरात नडग्या दुखवून घेतात. आठवड्यातून एकदा 400 मीटरच्या चार ते सहा धावा ठरावीक विश्रांतीसह, एकदा संथ लांब धाव, एकदा 100 मीटरचा सराव, आणि पूर्ण अंतराची परीक्षा दोन आठवड्यांतून एकदा, अशी विभागणी करावी. उरलेले 15 गुण 7.26 किलोच्या गोळ्यात दडलेले असतात (महिलांसाठी तो 4 किलोचा असतो), आणि ते तंत्रावर मिळवता येतात. पण तालमीत गोळाच नसतो. तो आधी विकत घ्यावा.

ज्येष्ठांचा वर्ग सकाळी सातनंतर, गर्दी ओसरल्यावर घ्यावा. त्यांच्यासाठी एकच मोजणी पुरेशी आहे: खुर्चीवरून हातांचा आधार न घेता तीस सेकंदांत किती वेळा उभे राहता येते.

ऊन, वीज आणि औषधे

उन्हाळी शिबिर हा बहुतेक तालमींचा सर्वांत मोठा उपक्रम असतो आणि तो वर्षातील सर्वांत तापलेल्या दिवसांत येतो. सत्र सकाळी सहा ते साडेआठच्या दरम्यान संपवावे आणि पहिल्या आठवड्यात अंगाला उन्हाची सवय होईपर्यंत तीव्रता कमी ठेवावी. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यातच कालवावे. ते नसल्यास एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. एखादा मुलगा असंबद्ध बोलू लागला किंवा अडखळू लागला तर तो उष्माघात समजावा, 108 ला फोन करावा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहत न बसता त्याला लगेच गार पाण्यात बसवावे किंवा त्याच्यावर सतत पाणी ओतावे. संध्याकाळच्या सत्रांत वळवाचा धोका असतो. गडगडाट ऐकू येताच मैदान सोडावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परतू नये.

प्रत्येक सत्राला सीपीआर (हृदय थांबलेल्या माणसाच्या छातीवर दाब देऊन जीव वाचवण्याची पद्धत) शिकलेला किमान एक माणूस हजर असावा. मोठ्या माणसाच्या छातीवर मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा लागतो, आणि हे वाचून येत नाही, पुतळ्यावर सराव करूनच येते. जवळच्या रुग्णालयाला विनंती करून याचे प्रात्यक्षिक ठेवणे हा स्वतःच एक उत्तम उपक्रम होतो.

औषधांबाबत तालमीची भूमिका लेखी आणि दर्शनी भागात लावलेली असावी. भूल देताना उतरलेला रक्तदाब वाढवण्यासाठी वापरले जाणारे मेफेंटरमाइन हे इंजेक्शन काही जिममध्ये जोम येण्यासाठी टोचले जाते; ते हृदयाला घातक आहे आणि खेळात प्रतिबंधितही आहे. तालमीच्या आवारात कोणतीही पावडर किंवा इंजेक्शन विकले जाणार नाही आणि प्रशिक्षक कोणत्याही दुकानाकडे बोट दाखवणार नाही, असा ठराव सभेत मंजूर करून घ्यावा. प्रशिक्षकाचे उत्पन्न विक्रीच्या दलालीवर असेल तर हा ठराव टिकत नाही, म्हणून मानधनाची सोय शुल्कातून आधीच करावी.

अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची लेखी संमती, छायाचित्रांसाठी वेगळी संमती आणि प्रत्येक सत्राला किमान दोन प्रौढ हे नियम सुरुवातीपासून लावावेत. प्रशिक्षकाने मुलांना खासगी संदेश न पाठवता सूचना पालकांच्या गटावरच द्याव्यात. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला ती कळवणे बंधनकारक आहे. प्रकरण मंडळात बसून मिटवण्याचा अधिकार कोणालाही नाही. चाइल्डलाइनचा 1098 हा क्रमांक मुलांना दिसेल अशा उंचीवर लावावा.

वर्षाचे वेळापत्रक

तारखा शोधत बसण्याची गरज नाही. ऑलिंपिकमध्ये भारताला पहिले वैयक्तिक कुस्तीपदक मिळवून देणाऱ्या खाशाबा जाधवांच्या जन्मदिनी, 15 जानेवारीला, राज्य क्रीडा दिन असतो. रथसप्तमीला सूर्यनमस्कार, 21 जूनला योगदिन आणि 29 ऑगस्टला राष्ट्रीय क्रीडा दिन येतो. यांपैकी दोनच तारखा मोजणीसाठी निवडाव्यात आणि त्यांच्यामागे प्रत्येकी आठ आठवड्यांचा वर्ग जोडावा. गणेशोत्सवाच्या आधीचा महिना मात्र मोकळा ठेवावा. त्या दिवसांत निम्मी मुले ढोल-ताशा पथकात असतात आणि उरलेली मांडवात. 29 ऑगस्टची मोजणी उत्सवाच्या तोंडावर येत असेल तर ती सरळ पुढे ढकलावी.

दुसऱ्या मोजणीला पहिल्या दिवसाइतकी गर्दी येणार नाही. गैरहजर राहिलेल्यांना फोन करून कारण विचारावे आणि ते नोंदवहीत त्यांच्या नावापुढे लिहावे: वेळ गैरसोयीची होती, शुल्क परवडले नाही, दुखापत झाली, की प्रशिक्षक ओरडला. पुढच्या वर्गाची वेळ, शुल्क आणि प्रशिक्षक ठरवताना कार्यकारिणीच्या बैठकीत प्रथम हेच पान उघडावे, आणि मुलांच्या नोंदींची एक प्रत पालकांच्या संमतीने त्यांच्या शाळेतील क्रीडाशिक्षकांकडे द्यावी, म्हणजे शाळेचा सामना आणि तालमीतील जड सराव एकाच दिवशी येणार नाहीत.