परदेशात सोबती मध्येच परतला, तर मागे राहिलेल्यानं काय करावं

दोघांनी मिळून आखलेल्या सहलीत बहुतेक गोष्टी सामाईक असतात. तिकिटाचा पीएनआर (बुकिंग क्रमांक) एक, खोली एकाच्या नावावर, तिकिटांची व्हाउचरं दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये, दोघांच्या गोळ्या एकाच बॅगेत. नाशिकहून निघताना हे सोयीचं वाटतं. पण घरून वाईट बातमी आली, तब्येत बिघडली, ऑफिसनं बोलावून घेतलं किंवा दोघांचं बिनसलं, की याच सामाईकपणाचा त्रास मागे राहिलेल्याला होतो.

म्हणून मुख्य सूचना आधीच सांगतो: सोबती विमानतळाकडे निघण्याआधी, दोघं समोरासमोर असतानाच सगळ्याची वाटणी करून घ्या. ओटीपी, सही, पासपोर्ट, बॅगेचं कुलूप यातलं काहीही तो विमानात बसल्यावर हाताशी राहत नाही. शांतपणे बसलात तर तासाभरात हे काम होतं.

आधी तिकीट, मग पॅकिंग

घाईत सगळे आधी बॅग भरायला घेतात. त्याआधी तिकीट उघडा. दोघांचं बुकिंग एकत्र केलं असेल तर सहा अक्षरांच्या एकाच पीएनआरखाली दोन नावं असतात. अशा वेळी अॅपवर ‘तारीख बदला’ दाबलं, की बऱ्याचदा दोन्ही नावांपुढे आधीच टिक असते. ती न बघता पुढे गेलात तर तुमचंही तिकीट आजच्या तारखेचं होतं, आणि ते परत फिरवायला पुन्हा शुल्क आणि भाड्यातला फरक भरावा लागतो.

असं करा:

1. विमान कंपनीला फोन करा किंवा काउंटरवर जा आणि ‘पीएनआर स्प्लिट करा’, म्हणजे दोघांचं बुकिंग वेगळं करा, एवढंच आधी सांगा. तारीख बदलण्याची गोष्ट त्यानंतर.
2. स्प्लिट झाल्यावर एकाला नवा पीएनआर मिळतो. 13 आकडी तिकीट क्रमांक मात्र तोच राहतो. दोन्ही क्रमांक दोघांनी लिहून घ्यावेत.
3. तुमचा पीएनआर पुन्हा उघडून जागा, जेवण आणि बॅगेचं वजन तपासा. स्प्लिट करताना पैसे देऊन घेतलेली सीट आणि शाकाहारी किंवा जैन जेवणाची नोंद कधी कधी गळून पडते.
4. मगच सोबत्याच्या तिकिटाची तारीख बदला.

तिकीट एजंटाकडून काढलं असेल तर कंपनी अनेकदा ‘एजंटाशीच बोला’ म्हणते. तेव्हा घड्याळ बघा. बँकॉक आपल्यापुढे दीड तास आहे, सिंगापूर अडीच तास, दुबई दीड तास मागे. पश्चिम युरोपचा बराचसा भाग उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असतो. पॅरिसला दुपारचे चार वाजले म्हणजे नाशिकला साडेसात झालेले असतात आणि एजंटाचं ऑफिस बंद व्हायला आलेलं असतं. त्यामुळे युरोपात असाल तर हा फोन सकाळीच करा.

सोबत्यानं त्याचं परतीचं विमान चुकवलं म्हणून तुमचं तिकीट रद्द होत नाही. धोका वेगळाच आहे. एकट्यानं जायचं म्हणून तुम्ही मार्ग बदललात आणि तिकिटातला मधला एक टप्पा न सांगता गाळलात, तर त्यापुढचे सगळे टप्पे, परतीचं विमान धरून, आपोआप रद्द होऊ शकतात. टप्पा गाळायचाच असेल तर आधी कंपनीकडून तशी नोंद करून घ्या.

खोली आणि गाडी

बुकिंग सोबत्याच्या नावावर असेल तर दोघांनी मिळून रिसेप्शनला जा. तुमचं नाव मुख्य पाहुणा म्हणून घालायला सांगा, त्याच्या कार्डावर अडवलेली अनामत रक्कम सोडून तुमच्या कार्डावर घ्यायला सांगा आणि बदललेल्या बुकिंगचा ईमेल मागा. पुढच्या शहरांतल्या हॉटेलांनाही त्याच्याच ईमेलवरून, तो असतानाच, कळवा. शेवटी किल्ली-कार्ड नव्यानं बनवून घ्या, म्हणजे जुनं चालत नाही. भांडण होऊन वेगळे झाला असाल तर हे विसरू नका.

टूर कंपनीच्या पॅकेजमध्ये दर ‘ट्विन शेअरिंग’चा, म्हणजे दोघांत एक खोली धरून, असतो. मध्येच एकटे राहिलात तर काही कंपन्या सिंगल सप्लिमेंट (एकट्याच्या खोलीचे जादा पैसे) मागतात, काही दुसऱ्या प्रवाशासोबत खोली देतात. अटींच्या कागदावर काय लिहिलंय ते बघा आणि टूर मॅनेजर जे सांगेल ते व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या.

भाड्याच्या गाडीत मात्र तडजोड करू नका. करारावर चालक म्हणून सोबत्याचंच नाव असेल आणि तुम्ही गाडी चालवलीत, तर अपघातात विमा हात वर करतो. काउंटरवर जाऊन करार तुमच्या नावावर करून घ्या. त्यासाठी तुमच्याच नावाचं क्रेडिट कार्ड, मूळ लायसन्स आणि बहुतेक देशांत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. हा परवाना परदेशातून ऐनवेळी निघत नाही. तो पेठ रोडच्या आरटीओतून निघण्यापूर्वीच, आणि दोघांनीही, काढायला हवा. एक वर्ष चालतो.

पैसे

फॉरेक्स कार्ड (परकीय चलन भरलेलं कार्ड) एकाच्या नावावर असतं. ते सोबत्याचं असेल तर ‘पिन सांगून ठेव’ हा उपाय नव्हे, कारण कार्ड अडकलं तर बँक तुमच्याशी बोलणारच नाही. तुमचं स्वतःचं डेबिट कार्ड बँकेच्या अॅपमधून आंतरराष्ट्रीय वापरासाठी सुरू करा, एटीएम आणि दुकान दोन्हींसाठी वेगवेगळं बटण असतं. मग नाशिकहून घरच्यांनी तुमच्या नेहमीच्या खात्यात पैसे टाकले, की काही मिनिटांत ते परदेशातल्या एटीएममधून काढता येतात. शुल्क लागतं, पण अडचणीच्या वेळी हाच मार्ग सगळ्यात लवकर जमतो. ओटीपीसाठी भारतीय सिम फोनमध्ये ठेवा आणि त्यावर रोमिंग सुरू ठेवा.

सामाईक रोख रक्कम असेल तर मागे राहणाऱ्याकडे जास्त ठेवा. सोबत्याला विमानतळापर्यंतचं भाडं आणि वाटेतलं खाणं-पिणं पुरतं.

हिशोब त्याच दिवशी लिहा: वापरून झालेलं, वाया गेलेलं आणि परत मिळू शकणारं. परतावा ज्या कार्डावरून पैसे भरले त्याच कार्डावर येतो, हे धरून चला. एक बारकावा बरेच जण विसरतात. दोघांच्या पॅकेजचे पैसे एकानंच भरले असतील तर त्यावरचा टीसीएस (पॅकेज विकताना कंपनी आगाऊ घेते तो कर) भरणाऱ्याच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणपत्रात त्यालाच वळता मिळतो. म्हणून टीसीएस सामाईक खर्चात धरून अर्धा मागू नये.

बॅगा उघडून बसा

दोन्ही बॅगा पलंगावर रिकाम्या करा आणि नव्यानं भरा. वजन वाचवायला एकमेकांच्या बॅगेत टाकलेल्या वस्तू अशा वेळी नेमक्या चुकीच्या बॅगेतून जातात: चष्मा, चार्जर, रक्तदाबाच्या गोळ्या, घराची किल्ली. गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आपापल्या हातातल्या बॅगेत हव्यात. इन्सुलिन चेक-इन बॅगेत देऊ नका, तिथे ते गोठू शकतं. पॉवर बँकही हातातल्याच बॅगेत.

वजन जास्त झालं म्हणून सोबती ‘हा खाऊचा डबा तूच ठेव’ म्हणतो. तो डबा उघडून बघा. चकली-चिवडा ठीक आहे, पण काळा किंवा गोडा मसाला असेल आणि तुमचा पुढचा टप्पा दुबई किंवा सिंगापूर असेल, तर त्यात खसखस आहे का हे घरी फोन करून विचारा. आपल्याकडे वाटणात सहज पडणारी खसखस या दोन्ही ठिकाणी बंदीच्या यादीत आहे, आणि बॅग ज्याच्या नावावर तोच जबाबदार. खात्री नसेल तर मसाला तिथेच टाकून द्या.

व्हिसा आणि विमा

शेंगेनसारखा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) पासपोर्टवरचा वैयक्तिक व्हिसा सोबती परतल्यानं रद्द होत नाही. मात्र खर्चाची हमी त्यानं दिली असेल तर पुढच्या सीमेवर तुम्हाला विचारणा होऊ शकते. स्वतःचं बँक स्टेटमेंट, परतीचं तिकीट आणि बदललेली हॉटेल बुकिंग कागदावर जवळ ठेवा. गट व्हिसा असेल तर सगळ्यांनी एकत्रच बाहेर पडण्याची अट असू शकते, म्हणून सोबत्याचं तिकीट बदलण्याआधी एजंटाला विचारा. लहान मूल एका पालकासोबत मागे राहणार असेल तर परतणाऱ्या पालकानं सही केलेलं संमतिपत्र आणि पासपोर्टची प्रत ठेवून जावी.

विम्याबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. शेंगेनसाठी लागणारं किमान 30,000 युरोंचं संरक्षण आजारपण आणि मायदेशी आणण्यासाठी आहे. सहल अर्धवट सोडल्याची भरपाई हा वेगळा भाग असतो, तो पॉलिसीत आहे का ते बघावं लागतं. असला तरी तो ठरावीक कारणांनाच लागू होतो, जसं जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू किंवा गंभीर आजार. भांडण किंवा ऑफिसचं काम सहसा त्यात बसत नाही. नवं तिकीट काढण्याआधी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर कळवा. नाशिकच्या रुग्णालयाचा दाखला, नात्याचा पुरावा, न वापरलेल्या बुकिंगच्या पावत्या आणि बोर्डिंग पास जपून ठेवा.

न सांगता निघून गेला असेल तर

खोलीत पासपोर्ट आणि सामान आहे का ते पाहा. दोन्ही नसतील तर तो स्वतःहून गेला असण्याची शक्यता जास्त. सामान तिथेच आणि फोन लागत नाही, असं असेल तर 24 तास थांबत बसू नका. रिसेप्शन, जवळची रुग्णालयं, पोलिस या क्रमानं विचारा आणि त्याच्या घरी कळवा. युरोपात 112, थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा 1155, दुबई आणि सिंगापूरमध्ये पोलिसांचा 999. भारतीय दूतावासाच्या संकेतस्थळावर आणीबाणीचा क्रमांक असतो, परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. त्याचा पासपोर्ट खोलीत राहिला असेल तर तो घेऊन पुढच्या देशात जाऊ नका, दूतावासाला विचारून जमा करा. आणि आपण कधी, कुठे वेगळे झालो हे एजंटाला ईमेलनं लिहून कळवा.

पुढचे दिवस एकट्यानं

कार्यक्रम निम्मा करा. उशिरा पोहोचणाऱ्या गाड्या आणि मुक्कामाचे आडबाजूचे बेत आधी गाळा. घरी रोज एक ठरलेली वेळ द्या आणि त्या वेळी फोन आला नाही तर त्यांनी कुणाला फोन करायचा, तेही सांगून ठेवा. नावावर दिलेली प्रवेशतिकिटं, जसं रोममधल्या कोलोसियमची, दुसऱ्याला देता येत नाहीत. तुमची पीडीएफ सोबत्याच्या मोबाइलमधून आधीच घेऊन ठेवा.

परतीची टॅक्सी बहुतेक वेळा दोघांत मिळून आणि एकाच्याच फोनवरून ठरलेली असते. मुंबई विमानतळ ते नाशिक हा सुमारे 170 किलोमीटरचा रस्ता आहे, आणि मध्यरात्री उतरून ऐनवेळी गाडी शोधणं फार थकवणारं होतं. मुंबईचं विमान पकडण्याआधी चालकाला स्वतः फोन करा: तुमचं नाव, नंबर, विमानाचा क्रमांक आणि प्रवासी एकच. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ) टप्पा 5 जून 2025 पासून खुला आहे. रात्री कसारा घाटाऐवजी त्या मार्गानं आणायला सांगा आणि टोल कोण देणार हेही तेव्हाच ठरवून घ्या.