ऑनलाइन मागवलेला फोन बनावट निघाला तर काय करावं?

माझ्या हातात आलेल्या फोनला मागे तीन कॅमेरे होते. त्यातले दोन नुसतेच काच चिकटवलेले; बोटाने झाकले काय नि उघडे ठेवले काय, पडद्यावर काडीचाही फरक पडत नव्हता. खोकं, सील, चार्जर मात्र हुबेहूब. हे लक्षात येईपर्यंत मी त्यात ईमेल उघडून बसलो होतो. पुढचे कित्येक दिवस फोनच्या पैशांपेक्षा मला त्या खात्याचीच जास्त धास्ती वाटली. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आधी सिम काढा, वायफाय बंद करा

संशय आला त्याच क्षणी. बनावट अँड्रॉइड फोनांत कारखान्यातून किंवा वाटेत कुठेतरी घातक सॉफ्टवेअर भरलेलं सापडलं आहे. २०१६ साली उजेडात आलेला 'ट्रायडा' हा त्यातलाच एक प्रकार. हे सॉफ्टवेअर थेट फोनच्या मूळ प्रणालीत बसवलेलं असलं, तर फोन रिसेट करूनही जात नाही.

तुम्ही त्यात आधीच लॉगिन केलं असेल, तर दुसऱ्या, भरवशाच्या फोनवरून किंवा संगणकावरून पासवर्ड बदला. पहिला ईमेलचा, कारण बाकीच्या खात्यांच्या किल्ल्या तिथेच असतात. 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' हा पर्याय निवडा आणि दुहेरी पडताळणी सुरू करा. बँकेचं अ‍ॅप उघडलं असेल तर बँकेला त्याच दिवशी कळवा. फोन मात्र इतक्यात पुसू नका. त्यातला पुरावा लागणार आहे.

मग खात्री करून घ्या

डायलरवर *#०६# दाबा. १५ अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसेल. तो खोक्यावरच्या आणि सेटिंग्जमधल्या क्रमांकाशी अंकन् अंक जुळवून पाहा. त्याचे पहिले ८ अंक मॉडेलची ओळख सांगतात. त्यामुळे क्रमांक तपासल्यावर भलतंच मॉडेल पुढे आलं, तर तुमचा संशय खराच आहे. उलट मात्र धरून चालू नका. खऱ्या फोनचा क्रमांक उचलून नकली फोनात घालतात, तेव्हा क्रमांक बरोबर निघाला म्हणजे फोन खरा, असं होत नाही. मी तिथेच फसलो आणि दोन दिवस वाया घालवले.

नकली आयफोन पकडणं त्या मानाने सोपं. आतून तो बहुधा अँड्रॉइडच असतो. अ‍ॅप स्टोअरच्या चिन्हावर टिचकी मारली आणि प्ले स्टोअर उघडलं, की आणखी काही बघायची गरज नाही.

साठवणुकीची फसवणूक मात्र सहज दिसत नाही. सेटिंग्जमध्ये २५६ जीबी लिहून येतं, प्रत्यक्षात चिप त्याच्या कितीतरी पट लहान असते. ज्यांची प्रत दुसरीकडे आहे असे मोठे व्हिडिओ केबलने भरत जा आणि मधूनमधून आधीचे उघडून बघा. खरी जागा संपली की जुन्या फाइल खराब होऊ लागतात, आणि फोन मात्र 'जागा शिल्लक आहे' असंच सांगत राहतो.

शेवटचा शब्द कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राचा. 'हा फोन आमचा नाही' असं त्यांच्याकडून लेखी मागा. तोंडी उत्तर पुढे कुणी मानत नाही.

विक्रेत्याला लिहिण्याआधी पुरावा गोळा करा

हा क्रम चुकवू नका. तक्रार पोहोचली की जाहिरातीतला मजकूर बदलू शकतो, कधी जाहिरातच नाहीशी होते. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, ऑर्डर क्रमांक, पैसे भरल्याची नोंद, सगळे संदेश, पार्सलवरची चिठ्ठी, फोनचे सगळ्या बाजूंनी फोटो हे आधी जमवा. जुळत नसलेल्या क्रमांकांचा सलग व्हिडिओ घ्या.

तक्रार नेमक्या शब्दांत करा

'फोन खराब आहे' असं लिहिलंत तर दुरुस्तीची भाषा सुरू होते. 'आवडला नाही' लिहिलंत तर परतीचा खर्च तुमच्या गळ्यात पडू शकतो. 'वस्तू बनावट आहे' एवढंच स्पष्ट लिहा, आणि जिथून खरेदी केली त्या मंचाच्या तक्रार यंत्रणेतूनच लिहा.

यानंतर विक्रेता गोड बोलू लागतो. थोडे पैसे घ्या आणि विषय मिटवा. आधी तक्रार मागे घ्या, मग पूर्ण रक्कम देतो. फोन स्वखर्चाने दूरच्या पत्त्यावर पाठवा. मला तर रोज 'उद्या' हे एकच उत्तर येत होतं. हे सगळं तक्रारीची मुदत संपेपर्यंत तुम्हाला थोपवून धरण्यासाठी असतं. पैसे खात्यात दिसेपर्यंत तक्रार मागे घेऊ नका, खासगी नंबरवर बोलू नका.

फोन परत पाठवायचाच असेल, तर मंचाने दिलेल्या पत्त्यावरच पाठवा. पार्सलचं वजन करताना, बांधताना चित्रीकरण करा आणि पावती सांभाळा. आधी आपली माहिती पुसून टाका, सिम आणि मेमरी कार्ड काढलंय ना ते बघा.

बँकेचा दरवाजा

कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे 'चार्जबॅक' मागा, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत मागा. व्हिसाच्या नियमांत बनावट मालासाठी वेगळं कारणच दिलेलं आहे आणि मुदत साधारण १२० दिवसांची असते. तुमच्या बँकेची मुदत त्याहून कमी असू शकते, म्हणून लगेच विचारा. सेवा केंद्राचं ते पत्र इथे कामी येतं. थेट खात्यात पैसे पाठवले असतील तर मार्ग अवघड आहे. तरीही बँकेला तासाभरात कळवा आणि पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या.

या काळात कुणी आपणहून संपर्क करून 'फी भरा, तुमचे पैसे सोडवून देतो' म्हणालं, तर ती दुसरी फसवणूक समजा.

आणि तो फोन?

प्रकरण चालू असेपर्यंत तो बंद करून खोक्यात ठेवा. सोबतचा चार्जर वापरू नका; त्यात वीजरोधक सुरक्षा असेलच याची खात्री नसते. पैसे मिळाले आणि फोन तुमच्याकडेच राहिला, तरी तो कुणाला विकू नका, घरातल्या मुलांच्या हातीही देऊ नका. बॅटरी फुगलेली दिसली तर दाबू किंवा टोचू नका. कचऱ्याच्या डब्यात न टाकता तो ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.