आई आणि लेक: दुरावलेले नाते पुन्हा जुळवताना

आईशी बोलायला गेले की भांडणच होते असे ज्या मुलीला वाटू लागले आहे, तिने आधी एकच प्रसंग निवडावा. तोही अलीकडचा आणि शक्यतो लहान. बालपणापासूनचा सगळा हिशेब एका बैठकीत मांडला की आईला ते आरोपपत्र वाटते आणि ती ऐकण्याऐवजी स्वतःचा बचाव करू लागते.

तो प्रसंग कागदावर उतरवावा. समजा, बऱ्याच दिवसांनी भेटलेली आई दारातच म्हणाली, ‘किती वाळलीस गं!’ आईने कदाचित काळजीने म्हटलेले असते. मुलीला मात्र ‘तुला स्वतःकडे नीट लक्षही देता येत नाही’ असे ऐकू येते आणि हातातली पिशवी खाली ठेवण्याआधीच ती तोडून बोलते. आई काय म्हणाली आणि आपण काय ऐकले, ही दोन वाक्ये शेजारी शेजारी लिहिली की राग नेमका कशाचा आहे ते कळू लागते. प्रत्येक टोमण्यामागे मायाच असते, असे मात्र मी म्हणणार नाही.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970च्या दशकात आयांना काही मिनिटे तान्ह्या बाळासमोर चेहरा निर्विकार ठेवायला सांगितले, तेव्हा बाळांनी हसून, हात पुढे करून आईला परत बोलावण्याची धडपड केली आणि शेवटी मान फिरवली. त्यांच्याच पुढच्या अभ्यासांतून दिसले की एरवीच्या खेळातही आई आणि बाळ यांचा सूर बहुतांश वेळ जुळलेला नसतो. तो सुटतो आणि पुन्हा जुळवला जातो. मला हे फार दिलासा देणारे वाटते, कारण सूर पुन्हा जुळवण्याचे काम मोठेपणीही करता येते.

बोलताना ‘तू नेहमीच अशी वागतेस’ असे न म्हणता ‘त्या दिवशी तू तसे म्हणालीस आणि मला अपमान झाल्यासारखे वाटले, तुझ्या मनात काय होते?’ असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहावे. ही शांतता जड जाते, पण ती मोडू नये. पुढे कधीतरी तिला तिच्या आईविषयी विचारावे. तिच्या अनेक सवयींचे मूळ तिथे सापडते.

आईसाठी एकच सांगणे आहे: ‘माझे चुकले’ म्हटल्यावर ‘पण’ जोडू नये, कारण त्या ‘पण’नंतर मुलीला माफी ऐकूच येत नाही.

जिथे मारहाण किंवा सततची मानहानी झाली आहे, तिथे मुलीने आधी स्वतःची सुरक्षितता पाहावी, समुपदेशकाची मदत घ्यावी आणि अंतर राखावेसे वाटल्यास अपराधी वाटून न घेता ते राखावे. इतरांनी पहिले बोलणे फसले तर काही दिवस जाऊ द्यावेत आणि पुढच्या वेळी त्याहून लहान प्रसंग निवडावा.