विहीर नासली तर आधी मोटर बंद करा, मग हे वाचा

आपल्याकडं विहिरीला वास आला की सल्ला ठरलेला असतो, उपसून टाक. दिवसभर मोटर चालवायची, तळ दिसला की ब्लीचिंग नाहीतर लाल औषध टाकायचं आणि झालं म्हणायचं. सोलापूरजवळ मामांच्या विहिरीवर मी पण तेच केलं, आठ दिवसात वास परत आला आणि तो पण आधीपेक्षा जास्त.

झालं असं की काठावरच्या जुन्या इंजिनाच्या टाकीला तळाशी भोक होतं, कोणी बघितलंच नव्हतं. डिझेल पाण्यावर तरंगतं हे सगळ्यांना माहितीय, पण मोटर लावली की पाणी खाली जातं आणि त्याच्यासोबत वरचा तवंग पण खाली खाली जात कडेच्या मुरमाला आणि खडकाच्या फटींना माखत जातो, मग रात्री पाणी चढलं की तेच डिझेल परत सुटतं. आपल्याकडं वर काळी, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण, आणि पाणी पाषाणातून नाही तर त्याच्या फटीतून चालतं, त्यामुळं एकदा फटीत गेलेलं काढणं म्हणजे दातात अडकलेलं काढण्यासारखं आहे, फक्त दात ४० फूट खोल.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी मोटर बंद, मग उगम बंद. टाकी, पाइप, शोषखड्डा, नाला, जे असेल ते. उगम चालू ठेवून साफसफाई म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. आणि विहिरीत स्वतः उतरू नका, दिवा सोडून हवा बघायची जुनी पद्धत पेट्रोल-डिझेलच्या वासात तर अजिबात नको, भडका उडेल.

तवंग काढायला मी आधी टॉवेल टाकले, सोलापूरकर दुसरं काय टाकणार 😅 पण टॉवेल पाणीच पितो. त्यापेक्षा कच्ची रुई (सरकी काढलेला कापूस), म्हणजे न धुतलेली, ब्लीच न केलेली, तिच्यावर नैसर्गिक मेण असतं म्हणून ती तेल धरते आणि पाण्यावर तरंगते. जाळीच्या पिशवीत भरून दोरीनं सोडा, माखली की काढा, दुसरी सोडा. माखलेली रुई उकिरड्यावर टाकू नका, झाकणाच्या डब्यात ठेवा, घातक कचरा घ्यायचा परवाना असलेल्या ठिकाणीच द्यायची.

आता टाकीखालची माती, हे काम घरच्या घरी खरंच जमतं. माती उकरून जाड ताडपत्रीवर फूटभर थरात पसरा, कडेनं बांध घाला, पावसात वरून झाका. डिझेल खाणारे जिवाणू मातीत असतातच, फक्त त्यांना हवा, ओल आणि खत लागतं. हिशोब कार्बन १००, नत्र १०, स्फुरद १ असा धरतात, म्हणजे १० किलो डिझेल मुरलं असेल तर त्यात साधारण साडेआठ किलो कार्बन, त्याला युरिया पावणेदोन-दोन किलो आणि सिंगल सुपर फॉस्फेट सव्वा किलोच्या घरात. एकदम टाकू नका, दोन-तीन हप्त्यात द्या. थोडं कुजलेलं शेणखत मिसळा, आठवड्याला एकदा फावड्यानं पालथं घाला, ओल अशी की मुठीत गोळा व्हावा पण पाणी गळू नये. काही महिने लागतात. वास गेला म्हणजे डिझेल गेलं असं नाही, लॅबमध्ये टीपीएच म्हणजे एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन तपासा, त्याशिवाय ती माती शेतात परत टाकायची नाही.

दुसरा आपल्या भागातला प्रकार म्हणजे रंगाच्या पाण्याचा. शेजारच्या रानात नाल्यातून डाईंगचं पाणी शिरायचं आणि लोक लाल-निळ्या रंगावरच भांडत बसायचे. रंग दिसतो म्हणून त्याची भीती, पण जमीन मारतं ते मीठ आणि सोडा. सुती कापडावर रंग बसवायला हे दोन्ही भरपूर वापरतात, त्यातला सोडियम काळ्या मातीला चिकटला की माती चोपण होते, पाणी वर साचतं, वाळलं की दगड. घरी बघायचं असेल तर वाळलेलं बारीक ढेकूळ काचेच्या ग्लासात आरओच्या पाण्यात अलगद ठेवा आणि हलवू नका, काही तासात भोवती दुधाळ ढग पसरला तर सोडियमचा संशय घ्या आणि माती लॅबला द्या. रिपोर्टमध्ये जिप्समची गरज मागून घ्या, अंदाजानं पोती ओतू नका.

जिप्सम वरच्या १०-१५ सेंटीमीटरमध्ये मिसळायचं आणि चांगलं पाणी द्यायचं, कॅल्शियम सोडियमला ढकलतो आणि पाणी त्याला खाली नेतं. पण आधी चर काढा!! निचरा नसेल तर उन्हाळ्यात तेच मीठ वर येतं. साखर कारखान्याची प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, मिळत असेल तर उत्तम, सोबत धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून गाडा. आणि धुतलेलं पाणी तुमच्याच विहिरीकडं जाणार नाही ना हे उतार बघून ठरवा, नाहीतर शेतातलं मीठ विहिरीत.

शोषखड्ड्याचं पाणी शिरलं असेल तर ब्लीचिंग कामाचं, पण तेवढ्यापुरतंच. विहिरीचा व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, त्याला ७८५ नं गुणा, आले लिटर. चांगल्या पावडरीचा नेहमीचा डोस हजार लिटरला अडीच ग्रॅम, बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरची निवळ टाका, तासभर थांबून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का हे रंगावरून बघायची चाचणी. नायट्रेट मात्र यानं जात नाही, उकळून तर वाढतं. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाळाच्या दुधात ते पाणी नको.

क्रोमियमसारखं धातूचं प्रकरण निघालं तर स्वतः काही करू नका. हिराकस (फेरस सल्फेट) टाकून विषारी क्रोमियम कमी विषारी रूपात आणतात, जमिनीत लोखंडी किसाची भिंत घालून पाणी त्यातून गाळतात, पण पाषाणात असा चर खणायचा खर्च आणि डोसचं गणित आपलं काम नाही, प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. मोहरी-सूर्यफूल लावून धातू ओढता येतात हे खरंय, फक्त वर्षं लागतात आणि तो पाला गुरांना घालायचा नाही.

सॅम्पल घेताना बोर असेल तर मोटर १०-१५ मिनिटं चालवून मग कॅन त्याच पाण्यानं तीनदा विसळून भरा, तेलासाठी काचेची बाटली, जंतूंसाठी लॅबचीच निर्जंतुक बाटली आणि ती बर्फात. एकदा मे मध्ये, एकदा पावसाळ्यानंतर. मामांच्या विहिरीत मे मध्ये काहीच निघालं नव्हतं, पाऊस झाला, पाणी वर चढलं आणि सप्टेंबरच्या बाटलीत परत तवंग, त्यामुळं रुईची पिशवी अजून दोरीला आहे.