लाउडन काउंटीचा कल ओळखायचाय? आधी टक्केवारीचे रकाने लपवा

व्हर्जिनियातली लाउडन काउंटी आता कायमची निळी (डेमोक्रॅट) झाली की परत लाल (रिपब्लिकन) व्हायला लागली, हा वाद आमच्या अ‍ॅशबर्नमध्ये दर नोव्हेंबरात रंगतो. पुरावा म्हणून टीव्हीवरचा नकाशा पुढे केला जातो. मी मतदान केंद्रावर ऑफिसर म्हणून काम करते आणि निकालाचे आकडे एक्सेलमध्ये मांडून बघायची मला खोड आहे. माझी पद्धत सांगते. व्हर्जिनियातल्या कुठल्याही उपनगरी काउंटीला ती लागू पडेल.

राज्याच्या निवडणूक विभागाच्या साइटवर प्रिसिंक्टनुसार, म्हणजे एकेका मतदान केंद्राच्या हद्दीनुसार, निकाल मिळतात, ते उतरवून घ्या. नकाशेच बघायचे असतील तर व्हर्जिनिया पब्लिक अ‍ॅक्सेस प्रोजेक्टचे चांगले आहेत. मग टक्केवारीचे सगळे रकाने लपवा आणि फक्त मतं बघा.

2020 ला लाउडनमध्ये बायडन यांना साधारण 1,38,000 मतं पडली आणि ट्रम्प यांना 82,000. पुढच्याच वर्षी गव्हर्नरच्या निवडणुकीत डेमोक्रॅट मॅकऑलिफ यांना 89,000 च्या आसपास आणि रिपब्लिकन यंगकिन यांना 71,000 च्या आसपास. आघाडी 25 टक्क्यांवरून 11 वर आली, म्हणून ‘उपनगरं फिरली’ असा गाजावाजा झाला. पण जरा आकडे बघा. यंगकिन यांना ट्रम्पपेक्षा कमीच मतं आहेत! एका बाजूची 49,000 मतं गळली, दुसऱ्या बाजूची 11,000. काहींनी बाजू बदललीही असेल, पण ते या बेरजांमधून कळत नाही. एकूण मतं किती कमी पडली, हे मात्र ढळढळीत दिसतं. कल आणि मतदानाचं प्रमाण वेगवेगळं वाचलंत तर फसलात.

आता वर्षांच्या जोड्या लावा. व्हर्जिनियात दरवर्षी कुठली ना कुठली निवडणूक असते. राज्यभरात नोंदणीकृत मतदारांपैकी 2020 ला सुमारे 75 टक्के आले, 2021 ला 55, आणि विधिमंडळ व स्थानिक जागांच्या 2023 च्या निवडणुकीत 40 च्या आसपास. म्हणून 2020 शेजारी 2024 ठेवा, 2021 शेजारी 2017 आणि 2025, 2023 शेजारी 2019. पोटनिवडणुका बाजूलाच काढा. सुहास सुब्रमण्यम अमेरिकी काँग्रेसवर (संसदेवर) निवडून गेल्यावर त्यांच्या राज्य सिनेटच्या जागेसाठी 7 जानेवारी 2025 ला, ऐन बर्फात मतदान झालं. तेव्हाच्या गर्दीवरून काउंटीचा स्वभाव ठरवू नये.

कलाबद्दल एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. इथे मतदार म्हणून नाव नोंदवताना पक्ष विचारतच नाहीत. त्यामुळे ‘लाउडनमध्ये इतके टक्के डेमोक्रॅट नोंदलेले आहेत’ असं कोणी सांगितलं तर तो कुणाचातरी अंदाज समजा. प्राथमिक निवडणुकीतही कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागता येते. त्यात सुपरवायझर (काउंटीचा कारभार बघणाऱ्या मंडळाचे सदस्य) आणि स्कूल बोर्डाच्या उमेदवारांपुढे मतपत्रिकेवर पक्षाचं नावच नसतं. म्हणून तर केंद्रापासून 40 फुटांच्या पलीकडे कार्यकर्ते आपल्या पक्षाचे उमेदवार दाखवणाऱ्या नमुना मतपत्रिका घेऊन उभे असतात. तेव्हा कल मोजायला अध्यक्ष, गव्हर्नर आणि अ‍ॅटर्नी जनरल यांची मतं घ्या, तीही दोन-तीन निवडणुकांची. बुश 2004 ला इथे जिंकले होते आणि 2008 ला ओबामा. त्याआधी ही काउंटी डेमोक्रॅट उमेदवारामागे गेली होती ती थेट 1964 साली. आजही पर्सेलव्हिल, लव्हट्सव्हिलकडचा पश्चिम भाग आणि स्टर्लिंग-अ‍ॅशबर्नचा पूर्व भाग एका रांगेत बसत नाहीत. त्यांची बेरीज वेगळी करा.

सगळ्यात जास्त घोळ छेदात होतो, म्हणजे मतदानाचं प्रमाण काढताना ज्या आकड्याने भागतो त्यात. ‘आपले लोक मतदानच करत नाहीत’ ही तक्रार मी नेहमी ऐकते. अहो, आपल्या कॉलनीत एच-वन-बी आणि ग्रीन कार्डवाली घरं किती आहेत? त्यांना मतच नाही! 2010 ते 2020 मध्ये काउंटीची लोकसंख्या 3,12,000 वरून 4,21,000 वर गेली, पण छेदात ती घ्यायची नाही. अठरा वर्षांवरील नागरिकांचा आकडा जनगणना विभाग देतो, तो घ्या. तो सर्वेक्षणातून येतो, म्हणून काउंटीसाठी ठीक, एका प्रिसिंक्टसाठी नाही. प्रिसिंक्टसाठी मतदार यादीच वापरावी लागते, आणि तिच्यात गाव सोडून गेलेलेही ‘निष्क्रिय’ म्हणून काही काळ राहतात. तुमच्या आकड्यात ते धरलेत की नाही, हे रकान्याच्या मथळ्यात लिहून ठेवा. नाहीतर सहा महिन्यांनी स्वतःलाच आठवत नाही.

संध्याकाळी सातला केंद्र बंद होतं. रांगेतला शेवटचा माणूस मत देऊन गेला की स्कॅनरमधून दुकानातल्या बिलासारखी लांबलचक पट्टी निघते आणि तिच्यावर आम्ही सह्या करतो. त्या पट्टीवर फक्त त्या दिवशी, त्या केंद्रावर पडलेली मतं असतात. 45 दिवस आधीपासून दिलेली आणि टपालाने आलेली मतं वेगळीकडे मोजली जातात. 2020 ला ती सगळी काउंटीभरासाठी एकाच ओळीत दाखवली होती. बायडन यांचे मतदार त्या वर्षी जास्त करून आधीच मत देऊन मोकळे झाले होते, त्यामुळे 2020 चा तक्ता प्रिसिंक्टनुसार लावलात तर भलतीच केंद्रं लाल दिसतात. नंतर नियम बदलला आणि ही मतं ज्या-त्या प्रिसिंक्टमध्ये मिळवली जाऊ लागली. तेव्हा वस्ती पातळीवर 2024 वापरा. 2020 फक्त काउंटीच्या एकूण बेरजेसाठी. जनगणनेनंतर हद्दीही बदलल्या आहेत. प्रिसिंक्टचं नाव तेच असलं तरी नकाशा उघडून बघा.

नोव्हेंबर 2027 ला सुपरवायझर निवडायचे आहेत. त्यासाठी आतापासून तक्ता करणार असाल तर 2019 आणि 2023 ची प्रत्यक्ष मतं शेजारी ठेवा. तिसऱ्या रकान्यात त्याच वस्तीची 2024 ची मतं, आणि चौथ्यात 2023 आणि 2024 मधली तफावत. मग या चौथ्या रकान्यावर मोठ्याकडून लहानाकडे सॉर्ट करा. ज्या वस्त्या वर येतील, तिथले लोक अध्यक्ष निवडायला येतात आणि सुपरवायझर निवडायला येत नाहीत.