वाचनाची सवय मोडते ती अडकलेल्या पुस्तकापाशी

वेळ ठरवा. रोज २० मिनिटं पुरतात, पण ती एखाद्या न चुकणाऱ्या कामाला जोडा, म्हणजे रात्री दात घासले की लगेच पुस्तक. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. शेजारी पालथा घालून भागत नाही.

पहिलं पुस्तक २०० पानांच्या आतलं आणि मनापासून हवंसं वाटणारं घ्या. 'हे वाचलंच पाहिजे' छापाच्या याद्या बाजूला ठेवा. सावकाश वाचूनही रोज दहा पानं होतात, म्हणजे तीन आठवड्यांत ते संपतं.

इथवर बहुतेकांना जमतं. घोटाळा होतो तो पुढे, एखादं पुस्तक मध्येच अडकतं तेव्हा.

एका जाडजूड कादंबरीत मी १४० व्या पानाशी अडकलो होतो. पुस्तक अर्धवट सोडणं मला पाप वाटायचं, म्हणून 'हे संपल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही' असं ठरवलं. परिणाम असा की सात महिने मी काहीच वाचलं नाही. घेतलेलं पुस्तक तडीस न्यावं, असं तुम्हालाही कुणी शिकवलं असेल तर ते आजच विसरा. वाचनाचं याहून जास्त नुकसान करणारा सल्ला मला माहीत नाही.

ठरलेली वेळ झाली की नेमकी भलतीच कामं आठवतात, असं सलग तीन दिवस झालं तर पुस्तक अडकलंय असं समजा. मग कारण शोधा. कोण कुणाचा कोण हेच आठवत नसेल, तर मागचं प्रकरण पुन्हा वाचा आणि पात्रांची नावं-नाती एका कागदावर लिहून तोच कागद खूण म्हणून वापरा. पुष्कळ पुस्तकं एवढ्यानं सुटतात. पुस्तक अवघड आहे पण ओढ कायम आहे, असं असेल तर ते मुळीच सोडू नका. रोज पाचच पानं वाचा आणि जोडीला एखादं हलकं पुस्तक ठेवा.

निव्वळ कंटाळा आला असेल तर मात्र खुशाल सोडा. अमेरिकेतल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा यावर एक नियम आहे: पुस्तकाला ५० पानं द्यावीत, आणि वय पन्नाशीपुढे असेल तर १०० मधून वय वजा करून उरतील तेवढीच. मला तो पूर्ण पटतो. त्यात माझी एक भर: सोडलेलं पुस्तक उशाशी राहू देऊ नका. ते दिसत राहतं, टोचत राहतं आणि नव्याला हात लावू देत नाही. कपाटात ठेवा, परत करा, आणि त्याच रात्री दुसरं उघडा.

२१ दिवसांत सवय लागते, यावरही विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं. माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत होता. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यात आढळलं. म्हणून चुकलेल्या दिवसाची भरपाई करायला ४० मिनिटं बसू नका. खूण असेल तिथून, नेहमीची वीसच मिनिटं वाचा.